ऑल्दोनंतर बट येत नाही

घोडपदेवची रात्रशाळा, दुसरा मजला.
दिवसा चौथीची मुलं बसतात त्या बाकांत
गुडघे दुमडून बसलेली माझी दहावी.
फळ्यावर मी लिहिलंय : हाउएव्हर, देअरफोर, ऑल्दो, मीनव्हाइल.
खाली जाड रेघ. परीक्षेला चार मार्कांना.

“वाक्यं सुटी सुटी टाकू नका,” मी म्हणते,
“जोडा. वाचणाऱ्याला ठेच लागता कामा नये.”
माझाच आवाज मला शिळा ऐकू येतो.
सकाळपासून हा तिसरा वर्ग.

तेव्हा मागच्या बाकावर लवू धोंडू आंगचेकर,
वय एकेचाळीस, धंदा नळकाम,
आपली पिशवी उपडी करतात.
खणखणाट.
“बाई, म्हणजे हे.”
एल्बो, टी, सॉकेट, एक गंजका व्हॉल्व,
आणि टेपची पांढरी गुंडाळी घरंगळत माझ्या टेबलापर्यंत.

“अँड म्हणजे सॉकेट. त्याला अक्कल लागत नाही.
हाउएव्हर हा एल्बो. पाणी तेच, नुसतं वळलं.
आणि देअरफोर...” ते व्हॉल्व हातात तोलतात,
“वर टाकी भरलेली असेल
तरच खाली नळाला देअरफोर.”

वर्ग हसतो.
नफीसा मुकादम हसत नाही, ती वहीत एल्बो काढून घेते.
मी दहा वर्षं हे शिकवते आहे
आणि हे मला सुचलं नव्हतं.

ऑल्दोशी मात्र त्यांचं जमेना.
रोज लिहायचे : ऑल्दो आय वॉज टायर्ड, बट आय केम टु स्कूल.
रोज मी बटवर काट मारायची.
“बाई, जरी म्हटलं की तरी यायलाच पाहिजे.
नाहीतर वाक्य एका पायावर उभं.”
इंग्रजीत एकच पुरतं, मी सांगायची.
“कंजूष भाषा,” ते पुटपुटायचे
आणि खोडरबराने बट पुसायचे, कागद फाटेपर्यंत.

एकदा घरी जाताना, माझगावच्या उतारावर,
मी मनाशी सुरू करून पाहिलं :
जरी मी रोज वेळेवर घरी पोचते
...
पुढचं तरी काही केल्या आठवेना.
दूधवाल्याकडून अर्धा लिटर घेतलं.

मार्चमध्ये ते वहीऐवजी एक पत्र घेऊन आले.
शिवडीच्या टॉवरच्या कमिटीला, फुलस्केपवर, समास सोडून.
“तपासा. हे परीक्षेचं नाही.”

ऑल्दो द लीकेज इज ऑन फोर्टीन्थ फ्लोअर,
आय फिटेड पाइप ओन्ली अप टु ट्वेल्व.
बट नव्हता! मी वर पाहिलं. ते गालात हसले.
देअरफोर प्लीज पे माय बिल. तोही जागेवर.
फिटिंग घट्ट, कुठे गळती नाही.

मग एक ओळ मोकळी, आणि खाली :

माय हेल्पर जयदास फेल इन डक्ट.
युवर वॉटर केम ऑन टाइम.

लाल पेन घेऊन मी त्या दोन वाक्यांच्या मध्ये थांबले.
मीनव्हाइल?
हाउएव्हर?
देअरफोर मनात आला आणि हात मागे घेतला.

“नाही बसत, बाई,” आंगचेकर म्हणाले.
“सगळी लावून पाहिली. आटेच जुळत नाहीत.”

जयदास एकोणीसचा. पोलादपूरकडचा.
आता चालत नाही, एवढं मागून कळलं,
तेही त्यांनी पिशवी भरता भरता सांगितलं.

पेपरात असतं तर तिथे मी गोल केला असता,
अर्धा मार्क कापला असता.
मी फक्त डक्टचं स्पेलिंग नीट केलं,
आणि त्यांचा पूर्णविराम पेन्सिलीचा होता
तो शाईने गडद केला.

शिपाई दिवे घालवत जिन्यापर्यंत आला होता.
पत्राची घडी घालता घालता ते थांबले.
“आणि बाई, खाली काय लिहू?
युवर्स फेथफुली, की सिन्सिअरली?”