पिसांचा ठसा

खिव्याच्या बाजारात आता लोखंडी ठसे मिळतात,
एकसारख्या खिळ्यांचे, चकचकीत.
सुनेनं आणलाय एक. छान आहे. खुंटीला शोभतो.

माझा कोंबड्याच्या पिसांचा:
देठ छाटून, गोल जुळवून,
सुती दोऱ्यानं करकचून आवळलेला.
तीन देठ गेलेत. त्यातला एक मीच दाताखाली चुरडला,
दिलमुरोदच्या वेळच्या कळांत,
तंदूर तापलेला असताना.

पहाटे गोळा थापते, कडा जाड ठेवते,
आणि मधोमध टच्च, टच्च.
पीठ श्वास सोडतं तेव्हा
देठांतून बोटांना कळतं
आज किती आंबलंय, कशावर रुसलंय.
लोखंडाला विचारून बघितलं. गप्प बसतं.

टोचलं नाही तर नान टम्म फुगतो,
भिंत सोडतो, राखेत पडतो.
माणसांचंही पाहिलंय मी तसं. असो.

काल फझिलत म्हातारी आली.
नजर गेलीय तिची.
नान हातात घेतला, अंगठा फिरवला:
खळग्यांच्या फुलात तीन पाकळ्या कमी.
"हाच," म्हणाली,
आणि पैसे न मोजता दिले.

सून बघत होती.
आज दुपारी अंगणात
कोंबड्यामागे धावताना दिसली.