पडताळणी

खडकीच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली
पुंगळ्यांवर लॉट नंबर ठोकत.
फंडाच्या पैशातून बोपोडीला वर खोली चढवली,
ती आता वाएलला दिली आहे.
विद्यापीठात संख्याशास्त्र शिकतो,
भात अळणी खातो, लिंबू फार.

भाडेकरूचा फॉर्म मी भरत होतो, तो सांगत होता.
नाव. वडिलांचं नाव. पासपोर्ट.
मूळ गाव कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत?
इथे थांबला.
"काका, हद्द म्हणजे?"

म्हटलं, रात्री चोर शिरला
तर ज्यांना हाक मारायची, त्यांचा इलाका.
पेनाचं टोपण काढत-घालत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, पुलाच्या अलीकडे सैन्याची चौकी,
पलीकडे पोरांची.
अलीकडे झेंडा मोठा,
पलीकडे बंदुका.
चोर शिरला तर आई पोरांना बोलावते.
त्यातला एक तिचा भाचाच आहे.
आणि पोरंच शिरली तर?
तर कुणालाच बोलावत नाही. चहा ठेवते.

रकाना दोन बोटांचा.
मी लिहिलं : लागू नाही.

फॅक्टरीत एकदा एक पुंगळी कमी भरली होती.
एकच. करंगळीएवढी, रिकामी.
गेट बंद. पाळी सुटलेली माणसं
रात्री दीडपर्यंत डबे उघडून बसली,
साहेबांनी भाकऱ्यासुद्धा मोडून बघितल्या.
सापडली तापकिराच्या बुटात, टाचेत रुतलेली.
त्या रात्री घरी येऊन मी सरकारचा उद्धार केला,
मंदाला म्हटलं, यांना माणूस नको, पितळ पाहिजे.

वाएलला हे हसत सांगायला गेलो.
तो हसला नाही.
"मोजत होते?"
"हो."
"प्रत्येक?"
असं विचारलं, जसं कुणी
लांबच्या देवळाचा रस्ता विचारतो.

त्याच्या इमारतीच्या तळघरात काय ठेवलंय
हे तिथे राहणारा कुणी विचारत नाही.
शेजारचा देश विचारतो, विमानातून.
भाऊ म्हणतो, सरकार असतं तर आम्ही कशाला उचलली असती?
सरकार म्हणतं, तुम्ही खाली ठेवा, मग आम्ही आहोतच.
युद्ध करायचं की नाही, हे ज्यांनी ठरवलं
त्यांना आईने कधी मत दिलं नव्हतं.
ज्यांना दिलं होतं, त्यांना बातम्यांत कळलं.
आईचे कपडे मात्र गच्चीवरच वाळतात अजून,
दुसरीकडे ऊन येत नाही.

लहानपणी मी झोपत नसलो की
आत्या म्हणायची, पेंढारी आले बघ.
ते कुणाचे होते, हे मी कधी विचारलं नाही.
तिलाही ठाऊक नसावं.

फॉर्मवर शिक्का बसला. गव्हाणे हवालदार वर येऊन
खोली बघून गेले, गॅस जपून वापर म्हणाले.

मंगळवारी दुपारी रेंजवर टेस्टिंग सुरू झालं.
आम्हाला आता ऐकूसुद्धा येत नाही ते,
मंदा शेंगा सोलत होती.
वाएल जिन्याखाली, गुडघ्यात डोकं.
मी वाकून म्हटलं, घाबरू नकोस, आपलीच आहे.
"आपली म्हणजे कुणाची?"

सांगायला तोंड उघडलं,
तर एकतीस वर्षांत एकाही पेटीबरोबर
मी गेटबाहेर गेलो नव्हतो.

म्हटलं, दहाचा लॉट असतो.
त्याने बोटं उघडून दाखवली : नऊ झाले.
मग आम्ही दोघं जिन्याखाली
दहाव्याची वाट बघत बसलो.