आकृती दोन

निबंध अखेर छापून आला. अकरा पानं, नऊ लेखक,
आणि शेवटच्या पानावर, आभारांत,
'प्रयोगशाळेतील कर्मचारी'. एवढ्यात मी आले.
पेढे वाटले गेले. मी दोन प्रती काढल्या,
एक कपाटात ठेवली, दुसरी पिशवीत घालून
पाषाणहून बस धरली. मनपाला उतरून दुसरी.
लोहियानगर.

दोन वर्षांत किती वेळा आले असेन या गल्लीत,
थंड डबा खांद्याला, पट्ट्याचा वळ गळ्यापाशी.
पोरं मागं लागायची : बाई, कुल्फी?
रक्त आहे म्हटलं तरी लागायची.

मला नावं राहत नाहीत लक्षात. आकडे राहतात.
एकशे बारा : पत्र्यावर कबुतरं पाळतो.
एकशे तीस : शीर सापडत नाही, डावा हात बघावा.
एकशे एकोणसाठ म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते,
आणि तीन आठवड्यांनी आपणच आली. विचारलं नव्हतं.
चार नमुने वगळले, तक्त्याखाली बारीक अक्षरात आहे ते.
त्यांतला एक माझ्या हातून फुटला.
बारीक अक्षरातसुद्धा हे नाही.

शमीमबी शिकलगार दारातच बसली होती,
पुढ्यात रविवार पेठेतल्या शिंप्यांच्या कात्र्या.
चाक पायानं फिरवायचं, पातं बोटांनी धरायचं.
तापानंतर पाच महिने तिला कात्री धरता आली नव्हती.
फॉर्मवर आम्ही लिहिलं होतं : सांधेदुखी, होय.

"छापलं?" तिनं हात पदराला पुसले.
"माझं नाव कुठंय यात?"
नावं नसतात, म्हटलं. गुप्त ठेवायची असतात.
"का? मी काय चोरलंय?"

मग मी ते केलं, जे करायचं नसतं,
ज्यासाठी दरवर्षी आमच्याकडून सही घेतात.
आकृती दोन उघडली.
खाली दिवस, उभ्या रेघेवर रक्तातली प्रतिपिंडं,
आणि मधे दोनशे अकरा ठिपके,
डाव्या कोपऱ्यातून हळूहळू उतरणीला लागलेले.
फक्त वर उजवीकडे एक,
चौदा महिन्यांनंतरही खाली यायला तयार नाही.
दळवी सरांनी तीनदा तपासायला लावला होता तो.
यंत्र चुकलं असेल, म्हणाले.
मी म्हणाले, नाही सर, बाईच तशी आहे.

"ही तू."

तिनं चष्मा शोधला, लावला,
मग ठिपका नखानं खरवडून पाहिला
साडीवर काही सांडलं की बघतात तसा.
गेला नाही.
बोटाचं काळं मात्र आजूबाजूच्या पाच-सहा जणांना लागलं.
"एवढीशी?" म्हणाली.
आणि जरा वेळानं, "पण उंच आहे."

मी कागद घडी करायला घेतला तर तिनं धरून ठेवला.
"हा कोण? माझ्या खालचा, जवळचा?"

मला माहीत होतं. एकशे चौऱ्याऐंशी.
दोन गल्ल्या सोडून, पिठाच्या गिरणीवर बसायचा,
भुवयांवर कायम पीठ. सुई टोचली की हसायचा.
पुढच्या फेरीला गेले तर खोलीला कुलूप,
शेजारी म्हणाले गेला, कुठं ते कुणी बोललं नाही.
निबंधात त्याला म्हटलंय : पाठपुरावा खंडित.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"नको सांगू. असेल गल्लीतलंच कुणी."
तिनं कागद कात्र्यांच्या डब्याखाली सरकवला,
पाय पुन्हा चाकावर ठेवला.
"घरची कात्री बोथट असेल तुझी.
पुढच्या वेळी येशील तेव्हा आण. पैसे नको."

आणते, म्हटलं.
प्रकल्प मार्चमध्येच संपला होता.