वारा कुठला

एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी
पुस्तकांनी भरलेली गाडी घेऊन
मी थॉर्नबेकच्या चढाला लागते.
माझ्याकडे ऋतू येतात ते असे, हप्त्याहप्त्यानं.
गेल्या खेपेला कुंपणाशी नुसता चिखल,
या खेपेला स्नोड्रॉप्स, माना खाली घालून,
उशिरा आलेली पोरं वर्गाबाहेर उभी असतात तसे.
मधल्या चौदा दिवसांचा हिशेब
विल्फ्रेड गार्बटकडे.

वय ब्याऐंशी. जन्म गेला दगडी भिंती रचण्यात,
चुना नाही, माती नाही, दगडावर दगड.
बोटं अजून वाकलेली, एखादा हातात असल्यासारखी.
नऊ वर्षं हा माणूस एकच पुस्तक नेतो,
पक्ष्यांचं, हिरव्या पुठ्ठ्याचं.
परत करतो, शिक्का मारून घेतो, पुन्हा तेच नेतो.
समासात पेन्सिलीनं:
'कर्ल्यू, ४ मार्च. वारा पूर्वेचा.'
'कर्ल्यू, २७ फेब्रुवारी. वारा उत्तरेचा. घाई केलीन, मूर्ख.'
'माळभिंगरी, २३ एप्रिल, गोठ्यात. दार उघडं ठेवलं.'
नियमानं मी हे खोडायला हवं.
खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.
असू दे.

यंदा एप्रिलात म्हणाला,
डोळ्यांत मधोमध भोक पडलंय,
बघावं तेच नेमकं गायब,
कडेकडेचं उरतं.
पुस्तक तुझ्याकडेच ठेव.
आणि सांग, वरच्या कुरणात काय चाललंय.

मी? मला चिमणी कळते, कावळा कळतो.
म्हटलं, मोठं तपकिरी काहीतरी घिरट्या घालतंय, घार असेल.
"शेपटी दुभंगलेली?"
शेपटी बघितलीच नव्हती.
"मग जा परत."

गेले परत. गोल शेपटी. घार नव्हतीच.

मग मे, आणि हॉथॉर्न असा फुटला
की गाडीचे दोन्ही आरसे पांढऱ्यात बुडाले,
मागचं काही दिसेना, पुढचंही जेमतेम.
वळणावर टिटवी, इथली, डोक्यावर तुरा,
लग्नाला निघालेल्या मावशीसारखी,
आणि तिच्यामागे रस्ता ओलांडणारी पिल्लं,
पाय लावलेले कापसाचे बोळे.
इंजिन बंद करून अकरा मिनिटं थांबले.
पुढच्या थांब्यावर मिसेस ऑर्मरॉइड घड्याळ बघत उभ्या,
खून कुणी केला ते कळायचं राहिलेलं.
मी उशिराचं खरं कारण सांगितलं.
म्हणाल्या, "किती पिल्लं?"

जुलैत तर गुरुवार नसतानाही आले,
स्वतःच्या पेट्रोलनं, रात्री साडेनऊला,
अजून उजेड मावळलेला नाही,
कापलेल्या गवताचा वास इतका दाट
की खिशात भरून न्यावा.
विल्फ्रेड स्वतःच्याच भिंतीवर बसलेला.
"तिकडं," म्हणाला, कोठाराकडे हनुवटी करून.
पिल्लांची फुसफुस त्यानं आधी ऐकली होती.
मग गव्हाणी घुबड निघालं, पांढरं, बिनआवाजाचं,
धुतलेला पंचा कुणी अंधारात झटकावा तसं,
आणि कुरणाच्या कडेकडेनं
खाली, वर, खाली.
मी सांगत होते, तो मान हलवत होता,
मधेच मी सांगायचं विसरले.
त्यानं विचारलं नाही.

सप्टेंबरात माझ्या बोटांना ब्लॅकबेरी.
एका प्रेमकथेच्या पान बत्तिसवर
माझा जांभळा अंगठा आहे, तो मीच मारलेला शिक्का.
ऑक्टोबरात उत्तरेकडून फील्डफेअर आले,
थव्यानं, कर्कश, पाहुणे जेवण मागतात तसे,
लाल फळांवर तुटून पडले.
ही नावं आता माझ्या तोंडी बसलीत.
चुकतातही. चुकली की तो खूश.

जानेवारीत घाट बर्फानं बंद.
तीन गुरुवार गाडी शेडमध्ये.
खिडकीवर रॉबिन येतो, एवढंच तो फोनवर सांगे,
आणि लोणी महाग झालंय.

काल सकाळी सातला फोन वाजला.
हॅलो म्हटलं. कुणी बोलेना.
नुसता वारा, दूर एक मेंढी,
त्यानं रिसीव्हर खिडकीबाहेर धरला होता.
आणि मग ती. आधी एक शीळ, चाचपत,
मग दुसरी, मग उकळी फुटावी तशी
सगळी शीळ वर, वर, सांडेपर्यंत.
मी चहाच्या ओट्याशी, अनवाणी.
फोन ठेवला गेला.

गाडीत जाऊन हिरवं पुस्तक काढलं, समासात लिहिलं:
'कर्ल्यू, २५ फेब्रुवारी, फोनवर.'
वारा कुठला ते विचारायचं राहिलं.