सात सेकंद

काचेच्या या बाजूला मी, त्या बाजूला सेंगा ड्रायबरा.
आमच्यामध्ये एक पेटी, पेटीत सात सेकंद.
ती बोलायची आत्ता, स्कॉटलंड ऐकायचं सात सेकंदांनी.
मधल्या वेळात तिचं वाक्य माझ्या ताब्यात
आणि माझं बोट लाल बटणावर.
एकोणीस वर्षं हेच काम. पगार बरा होता.

तिच्या मावशीचं नाव अ‍ॅग्नेस. तेच शेवटाकडून लिहिलं
की सेंगा होतं. आमच्या फाइफमध्ये अशा पुष्कळ सेंगा,
पण नावासारखंच बाकी सगळंही उलटं वाचणारी ही एकच:
बजेट, प्रवचनं,
खाणीच्या फाटकावर डकवलेली नोटीस.

ती लॉकगेलीची. तिथे चामड्याचे पट्टे बनायचे
देशभरच्या मास्तरांसाठी. पोरांना मारायला गावचाच माल.
हात पुढे करून रांगेत उभी असताना
ती मागच्या पोराला हसवायची,
म्हणून तिला दोन जास्त.
"माझं पहिलं मानधन," म्हणायची.

चौऱ्याऐंशीच्या संपात ती सूप वाढत होती
खाणकामगारांच्या हॉलमध्ये, हातात डाव.
यात काय आहे, कुणीतरी विचारलं.
"कालचं सूप," ती म्हणाली, "आणि सरकारची सहानुभूती.
सापडली तर कडेला काढून ठेवा,
उद्याही तीच घालायची आहे."
हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात.
त्या हॉलमध्ये दात मुळात कमी,
पण होते तेवढे सगळे दिसले.

मग एडिनबरा. पबच्या माळ्यावर अकरा माणसं,
त्यातली दोन संडास शोधत आलेली. तीही थांबली.
मग ग्लासगो, रेडिओ, गुरुवार रात्री दहा.
माइकशेजारी लिंबाच्या गोळ्या, वर्तमानपत्रांची चळत
आणि मी.

दोन हजार तीन, मार्च. वरून चिठ्ठी आली:
युद्धावर विनोद नको.
तिने चिठ्ठीची घडी केली
आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.
मग माइकमध्ये:
"मंत्रीसाहेब म्हणतात, पुरावा आहे, पण दाखवता येत नाही.
गृहपाठाबद्दल मी अगदी हेच सांगितलं होतं.
मला सहा पट्टे मिळाले.
यांना सैन्य मिळतंय."

मी बटण दाबलं.
हे लिहायला मला वीसेक वर्षं लागली.
मी दाबलं.

पण बटण दाबलं की पेटी रिकामी होते,
पुन्हा भरायला दहा मिनिटं घेते.
तोवर ती आणि जग एकाच क्षणात.
हे केंद्रात दोघांनाच ठाऊक: मला,
आणि एकदा चहा पिताना जिला मी सांगून बसलो तिला.

काचेतून तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.
दुकानदाराने दिलेले सुट्टे मोजावेत, तसं.
आणि तोच विनोद सांगितला पुन्हा,
शब्दाला शब्द.
आवाजाची कळ माझ्या डाव्या हाताखाली होती.
खाली ओढायला अर्धा सेकंद पुरला असता.
हात हलला नाही. शौर्य वगैरे म्हणू नका,
मी हसत होतो.

चौकशीत मी म्हणालो, यंत्र रिकामं होतं. खरंच होतं.
साहेब म्हणाले, या बाईच्या जिभेला हाड नाही.
"म्हणून तर मोडत नाही," ती म्हणाली,
आणि आठ महिने बिनपगारी
चर्चच्या हॉलांतून, बोलिंग क्लबांतून
तेच वाक्य सांगत फिरली.
नाताळला मला पार्सल: जुना पट्टा,
कुत्र्याच्या गळ्यापुरता कापलेला.
माझ्याकडे कुत्रा नव्हता. नंतर पाळला.

शेवटच्या गुरुवारी तिने निरोप घेतला, हेडफोन काढले,
उरलेल्या गोळ्या कोटाच्या खिशात ओतल्या,
आणि दार तिच्यामागे आपसूक लागलं.
काचेपलीकडे खुर्ची, थोडीशी फिरणारी.
आणि तिकडे पेझलीच्या स्वयंपाकघरांत,
अ‍ॅबर्डीनकडे निघालेल्या ट्रकांत
ती अजून बोलत होती.

मी बटणावरचं बोट उचललं
आणि मोजत बसलो.
चार. पाच.
सहा.