जुळणी

शाहूपुरीत गुळाच्या अडतीमागं आमचा छापखाना.
वर्षातले दहा महिने लेबलं, ढेपेवर चिकटवायची:
हिरवा ऊस, पिवळी अक्षरं, ‘अस्सल’.
उरलेल्यात लग्नपत्रिका, तालमीची पावतीबुकं,
आणि दर शनिवारी चार पानांचं साप्ताहिक.

मी खिळे जुळवायचो. बत्तीस वर्षं.
शिशाचं अक्षर उलटं असतं.
उलटं वाचायची डोळ्याला इतकी सवय
की सरळ छापलेलं काही समोर आलं
तर आधी संशय यायचा.

लढाई लागली तेव्हा
माहिती खात्याचा कागद आला, तांबडा शिक्का मारलेला.
कारण: त्यांनी आमची चौकी जाळली.
मी ‘चौकी’ जुळवली, ‘जाळली’ जुळवली,
‘ळ’चा खण रिकामा व्हायला आला.

तीन आठवड्यांनी दुसरा कागद.
त्यात चौकी नव्हती, तिथल्या गोरगरिबांची सुटका होती.
मग ऐन पावसाळ्यात तिसरा:
जगात शांतता नांदावी म्हणून.
मी मालकांना विचारलं, तवनाप्पा आण्णा,
चौकी कुठं गेली?
म्हणाले, छापून झाल्यावर खिळे कुठं जातात?
सोडून परत खणात.
आणि हसले.

वाईट माणूस नव्हता, म्हणून त्याचंही म्हणणं सांगतो.
म्हणाला, सगळं खरं सांगत बसलं
तर कोण जाईल रे मरायला?
डॉक्टर पेशंटला सगळं सांगतो?
वस्ताद डाव ओरडून सांगतो?
मी म्हटलं, समोरच्याला नाही सांगत.
पण ज्याला मातीत उतरवतो, त्याला सांगतो, आण्णा.
त्यांनी चष्मा पुसला. ट्रेडल सुरू झालं,
पुढचं मला ऐकू आलं नाही.

सातापा, माझ्या बहिणीचा, भोगावतीकाठचा,
भरतीला निघताना छापखान्यात आलेला.
पहिल्या कागदाचा अंक घडी करून खिशात.
मामा, ही चौकी नेमकी कुठं आली?
मी म्हटलं, छापलंय म्हणजे असंल की.
मीच जुळवलेलं. मीच म्हटलं.

हे वाक्य सोडून कुठल्या खणात टाकू?

पुढच्या भाद्रपदात तार आली.
बहिणीला वाचता येत नव्हतं, तलाठ्यानं वाचली,
दोनदा, कारण पहिल्यांदा तिनं ‘व्हय’ म्हटलं नाही.
श्रद्धांजलीची चौकट घेऊन मीच बसलो.
‘ळ’ तोच, डाव्या अंगाला टवका उडालेला.
‘जाळली’त होता, आता ‘मावळला’त आला.
पुढं ओळ होती: अमुक अमुकसाठी देह ठेवला.
कशासाठी?
तिन्ही कारणं मला पाठ होती, उलटी.

गुळाचं बरं असतं.
‘अस्सल’ छापलं तरी गिऱ्हाईक
ढेपेचा कोपरा फोडून जिभेवर ठेवतं,
खारट लागला तर तिथंच थुंकतं, अडत्याची आई-बहीण काढतं.
ह्याचा कोपरा कोण फोडणार?
ज्यानं चाखलं तो सांगायला परत आला नाही.
आणि आम्ही इथं
लेबल वाचूनच तोंड गोड केलं होतं.

तेवढ्या जागेत मी अक्षर घातलं नाही.
कोरे ठोकळे बसवले, शाई न धरणारे.
आण्णांनी प्रूफ बघितलं. पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.
अंक तसाच गेला.

आठ दिवसांनी गडहिंग्लजहून एक पोस्टकार्ड:
‘आपल्या अंकात छपाईची चूक राहिली आहे.
शेवटच्या वाक्यात जागा रिकामी दिसते.
कृपया दुरुस्ती छापावी.’
सही लागत नाही. शिक्षक असावा, वळणदार हात.

बरोबर आहे. छापावी.
कार्ड मी भिंतीतल्या खिळ्याला टोचून ठेवलं.
वरून पुढचा कागद आला
तो साखरेच्या दराचा.