नसलेल्याचा पत्ता

लिएपायाच्या बंदरात पहाटेचे पावणेतीन,
बाहेर उणे अकरा.
अपग्रेड यशस्वी, असं हिरवी पट्टी सांगते
आणि पायलटांच्या पाळ्या सांभाळणारं यंत्र
साफ मुकं.

यंत्र तरी कसलं,
यंत्राच्या पोटातलं यंत्र.
थोपटावं तर पाठ नाही,
कान लावावा तर पंखा दुसऱ्याचाच.
केबल आहे असं समजायचं,
खोचलेली आहे असंही समजायचं,
आणि ती निघालीय का ते
गुडघ्यांवर बसून बघायची सोयसुद्धा नाही.

विझ्मा पिंग करते.
चार हाका, चारही वाया.
'उत्तर नाही' हे इतक्या शिस्तीत चार वेळा
की कुणीतरी आत बसून म्हणतंय असं वाटावं.

फोन. झिंटार्स, पायलट स्टेशनवरून.
'सव्वाचारला युरियाचं जहाज येतंय, पाळी कुणाची?
स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय.
फळ्यावर लिहू का खडूनं?'
'लिही,' ती म्हणते,
'आणि मी सांगेपर्यंत पुसू नकोस.'

मग नेहमीचंच.
'जोडलेले' पुढची खूण काढली, परत केली.
आभासी स्विच तपासला: नाव जुनं, माणूस नवा.
ड्रायव्हर काढला, घातला.
बंद करून चालू केलं,
जे आपण सगळेच शेवटी करतो
आणि कबूल करत नाही.
राईच्या पावाचा कालचा तुकडा चहात बुडवताना
तिला कुठं पाणी मुरतंय ते दिसलं:
कार्डाचं नाव, इथरनेट दोन.

दोन?
मग एक कुठाय?

तिनं पत्ता हातानं भरला,
शेवटी सत्तावन्न असलेला.
यंत्र पहिल्यांदा बोललं:
हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे.
ते कार्ड सध्या या संगणकात नाही.

तिनं दोनदा वाचलं.
कार्डाचा पत्ता नाही
आणि पत्ता त्याच्याच नावावर.

लपलेली उपकरणं दाखव, म्हटल्यावर
ते आलं वर, फिकट,
बर्फाखालच्या गवतासारखं.
अपग्रेडनं हार्डवेअरची आवृत्ती बदलली,
नवं कार्ड बसवलं, जुन्याला कुणी निरोप दिला नाही.
ते आपलं बसलंय दारात पाटी धरून.

सत्तावन्न टालिवाल्डिसनं दिला होता,
अकरा वर्षांपूर्वी.
चौकटीच्या वहीत त्याच्या बारीक अक्षरात
फक्त एवढंच: बदलू नये.
का, ते नाही.
तो आता मुलीकडे, आयर्लंडला, कॉर्कमध्ये,
तिथं म्हणे टोमॅटो लावतो.
त्याची खोली विझ्मानं भाड्यानं घेतली,
आणि जिन्याखालच्या टपालपेटीवर
अजून त्याचंच नाव. चार स्क्रू, चारही गंजलेले.
विजेचं बिल त्याला येतं, भरते ही.

उजवी क्लिक. विस्थापित करा.
खात्री आहे का?
यंत्र हे विचारतं तेव्हा
आपल्याला उगाच गुन्हेगार वाटतं.
हो, म्हटलं तिनं. पत्ता कट.
म्हणजे कार्डाचा.
पत्ता राहिला, नव्याकडे गेला.

पिंग.
एक मिलिसेकंदाहून कमी.
पुन्हा. पुन्हा. पुन्हा.
चार वेळा पुरलं असतं,
तिनं चालूच ठेवलं
चहा गार होईपर्यंत.

'आलं बघ,' झिंटार्स म्हणाला,
'पाळी गुंटिसची. फळ्यावर पण तेच होतं.'
यश कुणाचं, यावर कुणी काही बोललं नाही.
खाडीत बर्फ फोडत बोट निघाली असावी,
खिडकीची काच जराशी थरथरली.

वहीत त्या ओळीखाली तिनं लिहिलं:
कार्ड बदललं. पत्ता तोच.
आणि तारीख.

इथरनेट दोनचं नाव बदलून
एक करता आलं असतं, अर्ध्या मिनिटाचं काम.
असू दे.
दोन म्हटलं की
कुणीतरी आधी होतं, एवढं तरी कळतं.

सकाळी साडेसातला घरी जाताना
खिशात स्क्रूड्रायव्हर होता.
पेटीत बिल होतं.
तिनं बिल घेतलं.